एक्सेलच्या फॉर्ममधून पावती छापताना आत काय घडतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचाही सपोर्ट त्याच दिवशी संपला. पुण्यातल्या छोट्या कचेऱ्यांना याची झळ वेगळ्याच बाजूने लागली. कोथरूड, सिंहगड रोडच्या सोसायट्या असोत, भोसरीचे वर्कशॉपवाले असोत किंवा मार्केट यार्डातले गाळे, नवा कॉम्प्युटर आला, जुनी एक्सेल फाइल मेलवरून त्यावर घेतली आणि वर्षानुवर्षं एका बटणावर निघणारी पावती अडकली. कुठे फॉर्म उघडेना. कुठे उघडला, पण कागदावर अक्षरं धुरकट. कुठे सभासदाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. फाइल ज्याने बनवून दिली तो आता शहरात नाही, आणि बाकी कुणाला कोडला हात लावायचा धीर होत नाही.

हा धीर यावा म्हणून हा लेख आहे. तुम्हाला प्रोग्रामर व्हायचं नाही. आत काय चाललंय एवढं कळलं तरी निम्म्या अडचणी घरच्या घरी सुटतात, आणि उरलेल्यांसाठी कुणाला काय सांगायचं ते नीट सांगता येतं.

आधी तीन शब्द

मॅक्रो म्हणजे एक्सेलला एकामागून एक द्यायच्या हुकमांची लिहून ठेवलेली यादी. हे हुकूम ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए. १९९३ साली एक्सेल ५ बरोबर ती आली आणि आजही कॉम्प्युटरवरच्या एक्सेलमध्ये आहे. यूजरफॉर्म म्हणजे बटण दाबल्यावर समोर येणारी छोटी खिडकी. तिच्यात नाव, फ्लॅट नंबर, महिना, रक्कम भरायचे चौकोन असतात आणि खाली ‘प्रिंट’चं बटण. हा लेख वाचायला एवढी ओळख पुरे.

फॉर्म आहे तसाच छापला तर?

व्हीबीएमध्ये ‘प्रिंटफॉर्म’ नावाचा हुकूम आहे. एका ओळीत काम होतं, म्हणून नवशिका माणूस आधी तोच वापरतो. तो करतो एवढंच: स्क्रीनवर फॉर्म जसा दिसतोय त्याचं चित्र काढतो आणि ते चित्र प्रिंटरकडे पाठवतो.

स्क्रीनवर एका इंचात साधारण ९६ ठिपके असतात. साधा लेझर प्रिंटर एका इंचात ६०० ठिपके उमटवतो. कमी ठिपक्यांचं चित्र जास्त ठिपक्यांच्या जागेत ताणलं की अक्षरांच्या कडा फुटतात. मराठीत तर अनुस्वार, रफार आणि उकार आधीच बारीक, ते सगळ्यात आधी जातात. शिवाय फॉर्मची करडी पार्श्वभूमी, वरची पट्टी, ‘प्रिंट’ आणि ‘रद्द’ ही बटणं, सगळंच कागदावर येतं. फॉर्म लांबलचक असून खाली सरकवावा लागत असेल तर न दिसणारा भाग छापलाच जात नाही. कागद ए-फोर की ए-फाइव्ह, मार्जिन किती, हे सांगायला त्या हुकमात जागाच नाही.

दुसरी अडचण फॉर्ममधल्या चौकोनाची. त्यात अख्ख्या मजकुराला एकच फॉन्ट, एकच आकार. एक शब्द बोल्ड आणि बाकीचे साधे, असं त्यात होत नाही. काहींनी यावर तोडगा म्हणून ‘रिचटेक्स्टबॉक्स’ नावाचा बाहेरचा जोडभाग बसवला होता. तो ३२-बिट, म्हणजे जुन्या धाटणीचा आहे आणि ऑफिसबरोबर येत नाही. ऑफिस २०१९ पासून ऑफिस आपोआप ६४-बिट बसतं, आणि त्यात हा भाग चालत नाही. तारीख निवडायचं जे जुनं कॅलेंडर फॉर्मवर टाकायची पद्धत होती, त्याचीही तीच गत. नव्या मशिनवर फॉर्म न उघडण्याचं हे मोठं कारण आहे. तो जोडभाग काढून साधा चौकोन ठेवला की फॉर्म पुन्हा उभा राहतो.

छापखान्यात काय करतात ते बघा

नारायण पेठेतल्या एखाद्या छापखान्यात लग्नपत्रिका द्यायला गेलात तर काउंटरवर तुम्ही मजकूर लिहून देता: वधूवरांची नावं, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता. तो कागद कुणी छापत नाही. आत पत्रिकेचा साचा तयार असतो. गणपती कुठे, नावं किती मोठी, मुहूर्त कोणत्या ओळीत, हे त्यात ठरलेलं असतं. डीटीपी करणारा तुमचा मजकूर त्यात बसवतो, प्रूफ दाखवतो, तुम्ही मान हलवलीत की काम मशिनवर जातं.

एक्सेलमध्येही अशीच वाटणी करायची. फॉर्म फक्त माहिती घेण्यासाठी. कागदासाठी एक वेगळी शीट, तिला ‘पावती’ म्हणू. मॅक्रोने फॉर्ममधली माहिती उचलून त्या शीटवर ठरलेल्या जागी ठेवायची, छापण्याआधी पानाचं रूप दाखवायचं, मग छापायची.

माझं म्हणणं एवढंच आहे की सजावट शीटमध्ये असावी आणि कोडने फक्त ने-आण करावी. सोसायटीचं नाव, नोंदणी क्रमांक, चौकट, फॉन्ट, सहीची रेघ, हे सगळं ‘पावती’ शीटवर माउसने एकदाच करून ठेवा. कोडमध्ये फॉन्टची नावं आणि आकार लिहिले की पत्ता बदलला, लोगो बदलला, अगदी एक ओळ वाढवायची झाली तरी कोड उघडावा लागतो. अशा फाइली पुढच्या माणसाला फार छळतात. शीटवर सजावट असेल तर नवा सचिव दहा मिनिटांत बदल करून मोकळा होतो.

इथे एक सवय फार उपयोगी पडते. नाव ज्या सेलमध्ये जाणार तिचा पत्ता, समजा सी ७, कोडमध्ये लिहू नका. त्या सेलला डाव्या कोपऱ्यातल्या नेम बॉक्समधून एक नाव द्या आणि कोडमध्ये तेच वापरा. वर एक ओळ घातली की सेल सी ८ वर सरकते. कोडमधला ‘सी ७’ आपोआप बदलत नाही, दिलेलं नाव मात्र सेलबरोबर सरकतं. पावतीवर रकमेच्या जागी फ्लॅट नंबर छापला जातो तो बहुतेक वेळा यामुळेच.

अर्धंच वाक्य बोल्ड कसं करायचं?

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा सावकाश बघू. पावतीवर हे वाक्य हवंय:

श्री. कुलकर्णी यांजकडून ऑक्टोबर महिन्याच्या देखभालीपोटी रु. ३,४५०/- मिळाले.

नाव आणि रक्कम बोल्ड, बाकी साधं. पुष्कळ जण हे वाक्य फॉर्म्युल्याने जोडतात: हा शब्द, अधिक ती सेल, अधिक पुढचा शब्द. वाक्य बरोबर तयार होतं, पण फॉर्म्युला असलेल्या सेलमध्ये एक तुकडा बोल्ड आणि एक साधा असं ठेवता येत नाही. म्हणून वाक्य जोडायचं काम मॅक्रोकडे द्यायचं. त्याने तयार वाक्य साध्या मजकुराच्या रूपात सेलमध्ये ठेवायचं आणि मग ‘कॅरेक्टर्स’ नावाच्या हुकमाने हवा तो तुकडा बोल्ड करायचा. या हुकमाला दोन आकडे लागतात: कितव्या अक्षरापासून, आणि किती अक्षरं.

आता ‘कुलकर्णी’ मोजा. आपण वाचतो कु, ल, क, र्णी, म्हणजे चार. कॉम्प्युटर मोजतो क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, वेलांटी, म्हणजे आठ. ‘श्री.’ आणि पुढची मोकळी जागा मिळून सहा होतात, तेव्हा नाव सातव्यापासून सुरू होतं. कुणी बोटांवर मोजून ‘सातव्यापासून चार’ असं लिहिलं तर कागदावर ‘कुलक’ बोल्ड येईल आणि ‘र्णी’ साधं. पाच लिहिलं तर तोडणी जोडाक्षराच्या मधोमध येते आणि रफार मोडू शकतो. मराठी पावत्यांमध्ये अर्धवट जाड झालेली नावं दिसतात ती अशी.

उपाय सोपा आहे. आपण मोजायचंच नाही, मोजणी मशिनकडे द्यायची. मूळ कोड रोमन लिपीत लिहावा लागतो, पण त्याचा अर्थ मराठीत असा होतो:

वाक्य = पहिला तुकडा + नाव + दुसरा तुकडा + रक्कम + तिसरा तुकडा
नावाची सुरुवात = पहिल्या तुकड्याची लांबी + १
रकमेची सुरुवात = पहिला तुकडा, नाव आणि दुसरा तुकडा यांची मिळून लांबी + १
वाक्य सेलमध्ये ठेव, आधीचा बोल्ड काढून टाक
नावाच्या सुरुवातीपासून नावाच्या लांबीइतकं बोल्ड कर
रकमेच्या सुरुवातीपासून रकमेच्या लांबीइतकं बोल्ड कर

नाव ‘शहा’ असो की ‘सहस्रबुद्धे’, हिशेब चुकत नाही. नाव वाक्यात शोधून काढण्यापेक्षा ही रीत बरी, कारण तोच शब्द वाक्यात आधी कुठे आला असेल तर शोधणारा हुकूम पहिल्याच जागी थांबतो. चौथ्या ओळीत आधीचा बोल्ड काढायला सांगितलंय, तेही गाळू नका. वाक्याची सुरुवातच बोल्ड असेल तर पुढच्या पावतीचं सगळं वाक्य जाड येऊ शकतं.

फॉर्ममध्ये ‘शेरा’ लिहायला मोठा चौकोन असेल आणि माणसाने त्यात एंटर मारून नवी ओळ घेतली असेल, तर आणखी एक गोष्ट सांभाळा. फॉर्म प्रत्येक नव्या ओळीसाठी दोन अदृश्य चिन्हं ठेवतो, सेलला एकच लागतं. जास्तीचं चिन्ह काढून न टाकल्यास मोजणी प्रत्येक ओळीला एकाने सरकते.

नावाच्या जागी प्रश्नचिन्हं का येतात?

व्हीबीएचा कोड जिथे लिहितात ती खिडकी युनिकोडच्या आधीच्या काळातली आहे. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला दिलेला ठरावीक क्रमांक. उदाहरणार्थ ‘क’चा क्रमांक २३२५. कोडच्या खिडकीला हे क्रमांक कळत नाहीत. तिला विंडोजची जुनी चिन्हसूची लागते, आणि देवनागरीसाठी अशी जुनी सूची विंडोजमध्ये नाहीच. त्यामुळे कोडमध्ये ‘मिळाले’ असं चिकटवलं की तिथे प्रश्नचिन्हं उमटतात. रशियन किंवा जपानी माणूस कंट्रोल पॅनलमध्ये भाषा बदलून यातून सुटतो. आपली तशी सुटका होत नाही.

तेव्हा मराठी मजकूर कोडमध्ये लिहूच नका. ‘मजकूर’ नावाची एक शीट ठेवा. पावतीतले सगळे ठरलेले तुकडे, ‘यांजकडून’, ‘महिन्याच्या देखभालीपोटी’, ‘मिळाले’, तिथल्या सेलमध्ये लिहा. कोडने ते तिथून उचलावेत. सेलला देवनागरी पूर्ण कळते, फॉर्ममधल्या चौकोनांना आणि पाट्यांनाही कळते. मॅक्रो जी छोटी सूचनेची खिडकी दाखवतो तिला मात्र कळत नाही. सूचना मराठीत हवी असेल तर त्यासाठी छोटा वेगळा फॉर्म करावा लागतो. ‘मजकूर’ शीटचा दुसरा फायदा असा की कमिटीला ‘देखभालीपोटी’ऐवजी ‘मासिक वर्गणीपोटी’ लिहायचं असेल तर कोड कुणी उघडायलाच नको.

सेलमध्येही मराठी बिघडलेली दिसत असेल तर कारण जुने फॉन्ट. श्री-लिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं काम, आणि युनिकोड रुळण्याआधी त्याने मराठी छपाईची फार मोठी सोय केली. पण त्या पिढीतल्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर आतून रोमन चिन्हांचा असतो. तो फॉन्ट नव्या मशिनवर नसेल तर ती चिन्हं तशीच दिसतात. असा मजकूर एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. शोध, क्रमवारी, मोजणी, सगळं त्यानंतरच नीट चालतं.

आकड्यांचंही असंच. कुणी फॉर्ममध्ये रक्कम ‘३४५०’ अशी देवनागरीत टाइप केली तर मजकुराचा आकडा करून देणारा व्हीबीएमधला ‘व्हॅल’ हा हुकूम ती शून्य धरतो. देवनागरी आकड्यांचे क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत. प्रत्येकातून २३५८ वजा केले की त्याच किमतीच्या इंग्रजी आकड्याचा क्रमांक मिळतो. हे चार ओळींचं काम फॉर्ममध्ये घालून ठेवलंत तर भरणाऱ्याने कोणतेही आकडे लिहिले तरी चालतं.

अक्षरी रुपये

रक्कम अक्षरात लिहून देणारं एक तयार फंक्शन एक्सेलमध्ये आहे, पण ते थायलंडच्या बाथसाठी, थाई भाषेत. मराठीसाठी स्वतःच करावं लागतं आणि ते फार अवघड नाही. एक ते नव्याण्णव हे सगळे शब्द ‘मजकूर’ शीटवर एका रकान्यात लिहा. एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर हे शब्द दशक आणि एकक जोडून मशिनला बनवता येत नाहीत, म्हणून पूर्ण यादीच लागते. मग कोडने रकमेला आधी कोटीने भागायचं, उरलेल्याला लाखाने, मग हजाराने, मग शंभराने. ३,४५० चे तीन हजार, चारशे, पन्नास असे तुकडे पडतात. एक अपवाद हाताने सांगावा लागतो: नुसत्या १०० ला ‘शंभर’ म्हणायचं आणि १०१ ला ‘एकशे एक’.

पैशाच्या कोडमध्ये दोन ठिकाणी हटकून गडबड होते, म्हणून ती नीट लक्षात ठेवा. रकमेसाठी ‘इंटिजर’ हा आकड्याचा प्रकार वापरला तर ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. एखाद्याने वर्षाचे चाळीस हजार एकदम भरले की मॅक्रो ‘ओव्हरफ्लो’ म्हणून बंद पडतो. ‘लाँग’ किंवा ‘करन्सी’ वापरा. दुसरं, पूर्णांक करणं. ३,४५०.५० ला शीटमधलं ‘राउंड’ ३,४५१ करतं आणि व्हीबीएमधलं ‘राउंड’ ३,४५० करतं, कारण ते अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे नेतं. नोंदवहीत एक आणि पावतीवर दुसरंच, असा एक रुपयाचा फरक ऑडिटमध्ये निघतो. पूर्णांक नेहमी एकाच ठिकाणी, शीटमध्येच करावा.

कागदावर सगळं सरकतं, त्याचं काय?

एक्सेल मार्जिन पॉइंटमध्ये मोजतं. ७२ पॉइंटचा एक इंच, म्हणजे एका सेंटिमीटरला २८.३५. आपल्याला सेंटिमीटरची सवय असते, आणि व्हीबीएमध्ये सेंटिमीटरचे पॉइंट करून देणारा हुकूम आहे, तो वापरावा. रकान्याची रुंदी मात्र वेगळ्याच मापात असते: फाइलच्या मूळ फॉन्टमधली किती शून्यं तिच्यात मावतात यावर. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये कॅलिब्रीच्या जागी अ‍ॅप्टोस हा मूळ फॉन्ट आणला. तुमची जुनी ‘पावती’ शीट नव्या कोऱ्या फाइलमध्ये कॉपी केली की मूळ फॉन्ट बदलतो, रुंदी बदलते, आणि सहीची रेघ पुढच्या पानावर जाते. शीट वेगळी काढण्यापेक्षा जुनी अख्खी फाइलच कॉपी करून पुढे वापरा.

सगळं एका पानात बसवायचं तर ‘एक पान रुंद, एक पान उंच’ असं सांगता येतं. त्याआधी ‘झूम’ बंद करायचा हुकूम द्यावाच लागतो, नाहीतर एक्सेल ही सूचना ऐकतच नाही. पण आधीच छापून आणलेल्या पावतीपुस्तकावर किंवा चेकवर छापायचं असेल तर हे कधीही करू नका. एक्सेल मजकूर लहान करून बसवतं आणि तुमची रक्कम छापील चौकटीच्या बाहेर पडते. तिथे झूम शंभर टक्केच ठेवा आणि मार्जिनने जागा जुळवा.

लांब शेरा सेलमध्ये कापला जातो, ही नेहमीची तक्रार. ‘रॅप टेक्स्ट’ लावून ओळीची उंची आपोआप वाढू द्यायची असते, पण सेल एकमेकींत मर्ज केल्या असतील तर ती वाढत नाही. शेऱ्याची सेल मर्ज करू नका, तो रकानाच रुंद घ्या. उंचीची कमाल मर्यादा ४०९ पॉइंट आहे. त्याहून लांब मजकूर असेल तर ते काम एक्सेलचं नव्हेच, वर्डचं आहे.

एकाच मजकुराच्या तीन प्रती

भोसरी-चाकणकडच्या वर्कशॉपवाल्यांना मॅक्रोचा खरा उपयोग इथे होतो. जीएसटीच्या नियमांप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात: मूळ प्रत माल घेणाऱ्याची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पुरवठादाराची. मजकूर तोच, फक्त माथ्यावरची ओळ वेगळी. मॅक्रो ती एकच सेल बदलतो, छापतो, पुन्हा बदलतो, पुन्हा छापतो. हाताने करताना एखादी प्रत चुकीच्या शिक्क्याने जाते, ते यात होत नाही.

आधी नोंद की आधी छपाई?

आधी नोंद. पावती क्रमांक, नाव, रक्कम, तारीख ‘नोंदवही’ शीटवर लिहायची, फाइल सेव्ह करायची, मगच प्रिंटरला हुकूम. उलटं केलं आणि मधेच वीज गेली, तर पावती सभासदाच्या हातात आणि सोसायटीकडे तिचा मागमूस नाही. कागद अडकला तर तीच पावती नोंदवहीतून पुन्हा छापता आली पाहिजे आणि तिच्यावर ‘दुसरी प्रत’ असं आलं पाहिजे. नवा क्रमांक घेऊन पुन्हा छापणं म्हणजे हिशेबात भोक पाडणं. एकच फाइल दोन टेबलांवर वेगवेगळी कॉपी करून वापरू नका, एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतात.

“मॅक्रो म्हणजे व्हायरस ना?”

ही भीती पोकळ नाही. १९९९ साली मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोमधूनच जगभर मेलने पसरला होता. जुलै २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण करतं, ती खूण दिसली की एक्सेल लाल पट्टी दाखवतं. फाइल तुमचीच आहे याची खात्री असेल तर ती बंद करा, फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा आणि ‘अनब्लॉक’वर खूण करा. कंटाळून ‘सगळे मॅक्रो चालू द्या’ ही सेटिंग मात्र करू नका. ती केली की तुमच्या पावतीसाठी उघडलेलं दार कुणाच्याही फाइलला उघडं राहतं.

फाइल सेव्ह करताना शेवटी ‘एक्सएलएसएम’ असलं पाहिजे. ‘एक्सएलएसएक्स’ म्हणून सेव्ह केली आणि आलेल्या इशाऱ्यावर घाईत ‘यस’ दाबलं की त्या फाइलमधला सगळा कोड जातो.

“वर्ड आहे, गुगल शीट्स आहे, मग एवढा खटाटोप कशाला?”

दोनशे सभासदांना एकाच मजकुराची थकबाकीची पत्रं पाठवायची असतील तर मॅक्रो खरंच नको. वर्डमधलं मेल मर्ज उत्तम. फक्त रकमेतले स्वल्पविराम आणि तारखेची मांडणी एक्सेलमधून जशीच्या तशी येत नाही, ती वर्डमध्ये पुन्हा सांगावी लागते. समोर माणूस उभा आहे आणि त्याला आत्ता एक पावती द्यायची आहे, तिथे फॉर्म आणि मॅक्रोच सोयीचे.

गुगल शीट्समध्ये व्हीबीए चालत नाही. त्याची स्क्रिप्ट गुगलच्या सर्व्हरवर चालते, त्यामुळे ती तुमच्या टेबलावरच्या प्रिंटरला थेट हुकूम देऊ शकत नाही. पीडीएफ बनवते, ती तुम्ही छापायची. पावती मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायची असेल तर हे उलट चांगलंच. लिब्रेऑफिस हे ऑफिससारखंच पॅकेज फुकट आहे आणि त्याच्या कोडमध्ये देवनागरी सरळ लिहिता येते, पण एक्सेलचे यूजरफॉर्म तिथे नीट येतीलच असं नाही, बहुधा नव्याने करावे लागतात. मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही, हेही खरेदीआधी लक्षात असू द्या.

“कोड तर आता एआय लिहून देतं”

देतं, आणि बऱ्यापैकी देतं. पण त्याला नुसतं ‘फॉर्म प्रिंट करायचा कोड दे’ असं सांगितलंत तर ते बहुधा एका ओळीचा प्रिंटफॉर्मच हातात ठेवेल. सांगताना असं सांगा: छापायची शीट वेगळी आहे, सेलना नावं दिलेली आहेत, मराठी मजकूर कोडमध्ये नको, तो ‘मजकूर’ शीटवरून घे, बोल्डची मोजणी तुकड्यांच्या लांबीवरून कर, आधी नोंद आणि सेव्ह, मग प्रिव्ह्यू. एवढं सांगितलं की हाती येणारा कोड लहान असतो आणि वाचला तर समजतो.

आलेला कोड मूळ फाइलवर नाही, तिच्या कॉपीवर चालवा. सोसायटीतलं सगळ्यात लांब नाव घाला, मग सगळ्यात छोटं. रक्कम १०० घाला, मग ४०,०००, मग ३,४५०.५०, मग देवनागरी आकड्यांत. शेऱ्यात दोनदा एंटर मारा. नाव रिकामं ठेवून बटण दाबा: पावती निघता कामा नये, सूचना यायला हवी. प्रत्येक वेळी आधी प्रिव्ह्यू बघा आणि निदान एक प्रत खरोखर छापा, ज्या प्रिंटरवर रोज छापणार त्याच प्रिंटरवर, कारण एक्सेल पानाची मांडणी निवडलेल्या प्रिंटरप्रमाणे थोडी बदलतं. हे सगळं नीट निघालं की जुनी फाइल तारीख घालून बाजूला ठेवा आणि नव्या फाइलमध्ये पुढचा पावती क्रमांक हाताने लिहून सुरुवात करा.